बिनतक्रारीचे बूट

गुरुवार, ९ ऑक्टोबर, दुपार

चिरंजीव मोजपट्टी यास,

ताईचे आशीर्वाद. पंचावन्न वर्षांच्या माणसाला कोणी चिरंजीव म्हणतं का, असं मनात आलं असेल तर ते तिथेच गिळून टाक. तू कितीही वाढलास तरी मी तुझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठीच राहणार, त्यात तुला सवलत नाही.

आम्ही सगळे मजेत आहोत. तुझे भाऊजी ठणठणीत. निवृत्त झाल्यापासून त्यांनी माझ्या संघाची सेवा पत्करली आहे. प्रत्येक मॅचला डबाभर संत्री सोलून आणतात आणि मध्यंतरापर्यंत त्यातली अर्धी स्वतःच फस्त करतात. विचारलं तर म्हणतात, "आंबट आहेत का बघत होतो." तुझी भाची नव्या नोकरीत रुळली. सकाळी सातला जाते ती संध्याकाळी सातला उगवते, त्यामुळे तिची लेक शाळा सुटली की आमच्याकडेच असते. भिंगरी आता तेरा वर्षांची झाली. माझ्या खांद्याला लागते आणि जिभेच्या बाबतीत तर माझ्याही वर गेली आहे.

नऊ महिन्यांनी पत्र, आणि तेही फोन सोडून, म्हणजे काहीतरी भानगड आहे असं तुला वाटेल. भानगड काही नाही. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतोस आणि मला पुढचं काही सुचत नाही. कागद "हं" म्हणत नाही.

तर बातमी अशी की आपला संघ फायनलला पोचला. चौदा वर्षांखालच्या मुलींचा. तू जानेवारीत पाहिल्यास त्याच पोरी. येत्या रविवारी सामना आहे. गोलमध्ये आमची भिंत उभी राहते, तिच्या अंगाला लागल्याशिवाय चेंडू पुढे जातच नाही. पुढे टाचणी, एवढीशी पोर, पण बचाव करणाऱ्यांच्या मधून अशी घुसते की त्यांना ती टोचल्यावर कळते. आणि मधोमध आपली भिंगरी, कर्णधार. माझी नात म्हणून नाही हं, तिने ते कमावलंय. सलग एक्केचाळीस तारे.

हो, तो फळा अजून आहे. तुला आवडला नव्हता म्हणून मुद्दाम सांगते. सरावाला आल्यावर ज्या मुलीने "इथे दुखतं, तिथे लचकलं" असं काही म्हटलं नाही, तिच्या नावापुढे तारा. वर मोठ्या अक्षरात "तक्रार नाही". महिन्याला ज्या मुलीचे तारे सगळ्यात जास्त, तिला मानाचे बूट. खेळाच्या दुकानाने चार वर्षांपूर्वी बक्षीस दिलेले ते पिवळे बूट, आठवतात ना? आमच्या कपाटातला तो एकच जोड दिसायला धड आहे. कोणाला मोठे होतात, कोणी दोन मोजे घालून येते, पण ते मिळावेत म्हणून पोरी जीव टाकतात. गेले चार महिने ते भिंगरीच्याच पायात आहेत.

आता एक गंमत. काल फायनलसाठी सगळे बूट दुरुस्तीला नेले. बूट शिवणारे काका जुने आहेत, बोलणं कमी. पण काल त्यांनी चौदाही जोड फरशीवर उलटे मांडले आणि मला म्हणाले, "बाई, जरा बसा आणि बघा." बघितलं. बऱ्याच जणींचा डावा बूट बाहेरच्या कडेने झिजलेला, करंगळीच्या बाजूला. आणि पिवळ्या जोडीचा डावा तर इतका, की टेबलावर ठेवला तर तो बाहेर कलतो. काका म्हणाले, "हा चार पोरींनी घातला असेल. पहिलीने झिजवला तसा दुसरीचा पाय कलला, तिने आणखी झिजवला, मग तिसरीचा. आता ज्या मुलीचा पाय यात जातो तो सरळ पडूच शकत नाही."

मी म्हटलं, "काका, तुम्ही माझ्या भावाशी बोललात की काय?" ते म्हणाले, "कोण भाऊ?"

तर तुला एक सहज विचारायचं होतं. संघातल्या एका मुलीचा डावा पाय बाहेरच्या बाजूने जरासा दुखतोय. फार नाही. आजपासून शनिवारपर्यंत विश्रांती दिली, बर्फ लावला, दुसरे बूट दिले, तर रविवारी खेळायला हरकत नाही ना? तुझा यातला अभ्यास आहे म्हणून विचारते. फोन करून नुसतं "हो" किंवा "नाही" सांगितलंस तरी चालेल. शक्यतो हो.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
ताई


शुक्रवार, संध्याकाळ

पत्र पेटीत टाकायला गेले आणि तसंच घेऊन परत आले. एक म्हणजे ते रविवारच्या आत तुला मिळणार नव्हतं, हे मला पाकीट चिकटवल्यावर सुचलं. तुझे भाऊजी हसून हसून लाल झाले. आणि दुसरं म्हणजे मी ते वाचलं. वाचल्यावर स्वतःचीच चीड आली. "संघातल्या एका मुलीचा" म्हणे! सरळ सांगायला काय झालं होतं मला?

ती मुलगी भिंगरी आहे.

नीट सांगते, मध्ये बोलू नकोस.

काकांकडून आल्यावर माझं डोकं भणभणत होतं. जानेवारीत तू दिलेला तो कागद शोधला. तुझ्या त्या पट्टीवरून पोरींना चालायला, पळायला लावून पायाखाली कुठे किती भार पडतो ते तू मोजलं होतंस, त्याचा अहवाल. तो कुठे होता ते सांगितलं तर तू पुन्हा नऊ महिने बोलणार नाहीस, पण सांगतेच. बुटांचं कपाट डुगडुगत होतं. चार घड्या घालून मी तो त्याच्या पायाखाली सारला होता. अगदी बरोबर जाडी निघाली त्याची.

काढला, उलगडला, चष्मा लावून पहिल्यांदा वाचला. चांगलं लिहितोस रे तू. मला वाटलं होतं नुसते आकडे असतील. तू लिहिलं आहेस की चेंडू मारतो त्या पायाकडे सगळे बघतात, पण ज्यावर उभं राहून मारतो त्या पायाचे हाल कोणी विचारत नाही. भार पुन्हा पुन्हा एकाच कडेवर पडत गेला, मैदान टणक असलं, सराव एकदम वाढवला, तर करंगळीमागचं हाड थकतं. वाढत्या वयात जास्तच. आणि थकलेलं हाड आधी बारीक दुखतं, मग तुटतं. मधल्या काळात कोणी ऐकलं तर वाचतं. पोरींना तू नंबर दिले होतेस, नावं नाही. नंबर सातपुढे पेनाने पायाचं चित्र काढून एका ठिकाणी फुली मारली होतीस आणि खाली लिहिलं होतंस, "हिला इथे दुखतं का, ते प्रेमाने विचारा."

सात नंबर कोणाचा ते तुला माहीत होतं. मलाही.

भिंगरीला हाक मारली. म्हटलं, "जिना उतरून दाखव." ती म्हणाली, "आजी, तुला वेड लागलंय." उतरली. डावं पाऊल टाचेवर टेकवत उतरली, टपटप उतरणारी पोर! कधीपासून अशी उतरते कोण जाणे, मी शिट्टी फुंकण्यात गुंग. खाली बसवलं, मोजा काढला आणि तुझ्या फुलीच्या जागी अंगठा ठेवला. दाबलाही नव्हता नीट. तिने तोंडातून आवाज काढला नाही, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कधीपासून?"

"तीन आठवडे."

"मग बोलली का नाहीस, कार्टे?"

तर ती काय म्हणाली माहीत आहे? "तारा गेला असता ना."

मोजपट्टी, मी जमिनीवर बसले ती बसलेच. एक्केचाळीस ताऱ्यांतले शेवटचे पंधरा-सोळा तिने दात-ओठ खाऊन मिळवले, आणि प्रत्येक तारा मीच माझ्या हाताने, रंगीत खडूने काढला. वर शाबासकी दिली. वर ते कललेले बूट दिले! ज्या पोरीचा पाय सगळ्यात जास्त दुखत होता, नेमके तिलाच सगळ्यात वाईट बूट बक्षीस. एवढी हुशारी माझ्याशिवाय कोणाला जमली नसती.

जानेवारीत तू पोरींसमोर एवढंच म्हणाला होतास, "ताई, तो फळा उतरव." मी म्हटलं, "तुझा वजनकाटा उचल आणि चालता हो." तू ती पट्टी चादरीत गुंडाळलीस आणि चहासुद्धा न घेता गेलास. पोरी हसल्या. मीच हसवल्या.

आता भिंगरी बाजूच्या खोलीत मुसमुसते आहे. उद्या सकाळी डॉक्टरकडे नेणार म्हटल्यावर तिने भांडण काढलं. तिचं एक वाक्य माझ्या कानातून जात नाही. म्हणाली, "तूच सांगतेस ना, मामाआजोबांनी तुटलेल्या पायाने फायनलमध्ये गोल केला? मग मी का नाही?"

तो किस्सा मी किती वर्षं सांगते आहे! शाळेत अठ्ठावीस वर्षं सांगितला, इथे सांगते. प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगते. तुझ्या नावाने टाळ्या वाजतात. त्यातलं एक मी कधीच सांगत नाही. तुझ्याशीही आजवर बोलले नाही.

त्या दिवशी सकाळी तू मला सांगितलं होतंस.

तू तेरा वर्षांचा होतास, मी अठराची. गल्लीतली अकरा पोरं आणि एक शिट्टी एवढ्यावर मी स्वतःला मोठी प्रशिक्षक समजत होते. तू मागच्या पायरीवर बसला होतास, डावा पाय मांडीवर घेऊन. म्हणालास, "ताई, खूप दुखतंय गं, आज नको." मी म्हटलं, "नाटकं करू नकोस. आणि आईला सांगितलंस तर बघ." मग आईच्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून मीच तुझा पाय करकचून बांधला. तू गोल केलास. आणि तिथेच बसलास. मला आधी वाटलं तू आनंदाने बसलास.

आईला तू सांगितलंस, पायरीवरून पडलो. बेचाळीस वर्षांत एकदाही खरं सांगितलं नाहीस, ना आईला, ना बायकोला, ना मला चिडवायला. पुन्हा चेंडूला पाय लावला नाहीस. अजून थोडं कलून चालतोस आणि दुसऱ्यांचे पाय मोजत हिंडतोस. आणि मी तुला मोजपट्टी म्हणून हसते.

चुकलं रे माझं. तेव्हाही चुकलं आणि जानेवारीतही चुकलं. हे लिहायला मला नऊ महिने लागले म्हणू की बेचाळीस वर्षं, तू ठरव.

उद्या डॉक्टर. डॉक्टर "खेळू दे" म्हणाले तर काय करायचं तेही मी ठरवलंय. तरीसुद्धा नाही.


सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळ

आधी चांगली बातमी. हाड तुटलेलं नाही. एक्स-रेत केसाएवढी रेघ दिसते, डॉक्टरांनी बोट ठेवल्याशिवाय मला दिसलीसुद्धा नाही. म्हणाले, "वेळेत आणलंत. आणखी एक जोरदार मॅच झाली असती तर सांगता येत नव्हतं." दोन महिने खेळ बंद, पायात तो मोठा आधाराचा बूट, मग हळूहळू. म्हणाले, "नेमकं इथेच दुखतं हे तुम्ही कसं ओळखलंत?" मी म्हटलं, "माझ्या भावाने जानेवारीतच ओळखलं होतं." तेवढंच सांगितलं. कपाटाचं नाही सांगितलं.

दुसरी बातमी. आपण फायनल हरलो. तीन-एक. दणदणीत हरलो म्हण ना!

पण कसे हरलो ते ऐक. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत पोरी जमल्या. भिंगरी कोपऱ्यात फुगून बसलेली, पाय बाकावर. शनिवारपासून माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पोरी वाट बघत होत्या की आता बाई नेहमीचा किस्सा सांगणार. सांगितला. या वेळी पायरीपासून सांगितला. ओढणी, "नाटकं करू नकोस", सगळं. माझा आवाज मध्येच फाटला, तर तुझ्या भाऊजींनी संत्र्याची फोड पुढे केली. तेवढंच सुचतं त्या माणसाला.

मग मी म्हटलं, "आज ज्या मुलीला कुठे दुखतंय तिने हात वर करावा. तारा मिळणार नाही, पण ओरडाही मिळणार नाही."

कोणी हलेना. मग भिंगरीने बसल्या जागेवरून हात वर केला. "डावा पाय," म्हणाली, जसं काही आम्हाला माहीतच नव्हतं. ती बोलली मात्र, बांध फुटला. "बाई, माझी टाच." "बाई, गुडघा, जिना चढताना." टाचणीचा अंगठा. भिंतीची म्हणे बोटं दुखतात, दीड महिना, आणि ही आमची गोलरक्षक! एकीने सांगितलं तिचं पोट दुखतंय, पण ते सकाळी जास्त खाल्ल्यामुळे. शेवटी तुझ्या भाऊजींनीही हात वर केला. "माझी कंबर," म्हणाले, "चौतीस वर्षं." मी म्हटलं, "तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "कोणी विचारलं?" पोरी खिदळून खिदळून बाकावरून पडायच्या बाकी होत्या.

मग डॉक्टरांना फोन, एकेकीचं सांगून विचारलं. टाचवाली आणि गुडघेवाली, दोघींना बसवलं. भिंतीची बोटं नीट बांधली, पण तिलाच विचारून. मानाचे बूट तुझ्या भाऊजींनी पिशवीत घालून गाठ मारली. त्यामुळे तीन नवख्या पोरी उतरवाव्या लागल्या आणि समोरच्या पोरी ताडमाड. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल बसले. शेवटी शेवटी टाचणीने एक टोचला तेव्हा आमच्या बाकावर असा धिंगाणा झाला की पंचांना वाटलं आम्हीच जिंकलो. भिंगरी तो मोठा बूट हवेत धरून एका पायाने उड्या मारत होती, आणि मी गोल बघायचा सोडून तिचा दंड धरून ओरडत होते, "खाली बस, खाली बस!"

घरी येताना तिने माझा हात धरला. म्हणाली, "आजी, मामाआजोबा खूप रडले होते का गं?" मी म्हटलं, "नाही. मी रडू दिलं नाही." गल्लीच्या तोंडाशी ती म्हणाली, "त्यांना बोलव ना. मी त्यांच्या पट्टीवरून चालेन, पाय बरा झाला की पहिली मीच."

तर हे आमंत्रण समज. तुझी पट्टी, वही, कटकट, सगळं घेऊन ये. बूट शिवणाऱ्या काकांना तुला भेटायचं आहे. त्यांनी सगळे जुने बूट पुन्हा मांडून ठेवलेत आणि ते काही केल्या आवरत नाहीत. सुट्टीत महिनाभर राहा. चहा या वेळी पिऊन जावं लागेल. अहवाल मी इस्त्री करून भिंतीवर लावलाय, घड्या काही जात नाहीत. कपाट पुन्हा डुगडुगतंय. डुगडुगू दे.

आणि फळा उतरवलेला नाही. "नाही" तेवढं पुसलं. आता वर नुसतं "तक्रार" आहे आणि खाली रकाने, नाव, कुठे दुखतं, कधीपासून. आज सकाळी सरावाच्या आधी पोरी खडू घेऊन रांगेत उभ्या होत्या, पण पहिली ओळ मी कोणाला लिहू दिली नाही. ती मीच लिहिली. इथे उतरवते, काही चुकलं असेल तर येऊन दुरुस्त कर.

नाव: माझा धाकटा भाऊ. कुठे: डावा पाय, बाहेरची कड. कधीपासून: बेचाळीस वर्षं. सांगितलं होतं का: हो, ताईला.

आता ऐकते आहे. बोल.

तुझी,
ताई